सरांच्या एकसष्ट वह्या

आमचं ऑफिस तेव्हा कोथरूडमध्ये एका बँकेच्या वरच्या मजल्यावर होतं. साखर कारखान्यांच्या यंत्रांची ड्रॉइंग्ज करणं, हंगाम संपला की कारखान्यात जाऊन तपासण्या करणं, काय बदलायचं आणि काय दुरुस्त करून चालेल ते सांगणं, असं आमचं काम. आम्ही म्हणजे मालक, पाच इंजिनिअर, दोन ड्राफ्ट्समन आणि मी. मी लागले ती टायपिस्ट म्हणून. नव्वदचं दशक निम्मं उलटलं होतं, कोथरूडमध्ये दर दोन गल्ल्यांआड कॉम्प्युटरचा क्लास निघाला होता आणि त्यातल्याच एका क्लासचं सहा महिन्यांचं सर्टिफिकेट माझ्याकडे होतं. ऑफिसातल्या एकुलत्या एक कॉम्प्युटरवर निळं प्लॅस्टिकचं कव्हर असायचं. ते काढायचा अधिकार फक्त मला होता आणि मला त्याचा फार अभिमान होता.

ऑफिसात सगळ्यांत ज्येष्ठ जे इंजिनिअर होते त्यांना सगळेच ‘सर’ म्हणायचे. मालकसुद्धा. ते विश्रांतवाडीहून स्कूटरवर यायचे आणि दहाचं ऑफिस असलं तरी पावणेदहाला जागेवर असायचे. बोलणं कमी, आणि जे बोलायचे ते असं की समोरचा दोन मिनिटं विचार करत राहायचा. मी लागले त्याच आठवड्यात त्यांच्या एका रिपोर्टमध्ये मी ‘बॉयलर’चं स्पेलिंग चुकवलं होतं. ते माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, “हे यंत्र मी अजून पाहिलेलं नाही. कुठल्या कारखान्यात आहे?”

सर कारखान्यावर गेले की वही लिहायचे. जाड पुठ्ठ्याची, दोनशे पानी. ऊस पिळणाऱ्या चार-पाच मिलांपैकी कुठल्या मिलच्या कुठल्या रोलरला कधी काय झालं, कोणी कसं दुरुस्त केलं, कुठे पुढच्या वर्षी बघायला हवं, सगळं बारीक, सरळ अक्षरात, शेजारी पेन्सिलीनं आकृती. कारखान्यांकडे स्वतःच्या नोंदी असत, पण तिथली माणसं बदलायची, रजिस्टरं भिजायची. मग फोन यायचा, “सर, आमच्या कारखान्याची कुंडली तुमच्याकडं हाय, जरा बघून सांगा.” सर म्हणायचे, “कुंडली मी मानत नाही. केस पेपर आहे, तो बघून सांगतो.”

शुक्रवारी दुपारी चार वाजता सगळ्यांनी काम थांबवायचं हा नियम सरांनीच घातला होता. मी त्या आठवड्याचे सगळे रिपोर्ट, आणि ड्रॉइंग्ज कॉम्प्युटरवर आल्यावर तीही, फ्लॉपीवर घ्यायचे. पुढे सीडी आल्या, मग हार्ड डिस्क. एक प्रत मालकांच्या कपाटात, एक सर घरी न्यायचे. दर महिन्याला आलटूनपालटून एखादी जुनी प्रत उघडून बघायची, नुसती ठेवायची नाही. “उघडत नसेल तर ती प्रत नाही,” असं ते म्हणायचे. तरुण इंजिनिअर कंटाळायचे. शुक्रवारी चारला बाहेर चहाला जायचे आणि ह्या प्रती काढण्याला ‘सरांची आरती’ म्हणायचे. मीही हसायचे.

एकदा डबा खाताना मी त्यांना विचारलं, “सर, एवढी काळजी कशाला? कधी काही गेलं आहे का आपलं?”

त्यांनी पोळीचा घास संपवला. मग सांगितलं. त्यांना इंजिनिअरिंगला प्रवेश मिळत होता. दाखल्यासाठी वडिलांच्या शाळेतली नोंद हवी होती. वडील साताऱ्याकडच्या एका खेड्यात तिसरीपर्यंत शिकलेले. हे गावी गेले तर त्या वर्षांचं रजिस्टर वाळवीनं खाल्लेलं. कचेरीतल्या कारकुनानं सांगितलं, नोंद नाही म्हणजे आम्ही लिहू शकत नाही. चार खेपा झाल्या, एका वृद्ध मास्तरांचा जबाब घेतला, पण तोवर प्रवेशाची तारीख गेली. एक वर्ष गेलं.

“मग त्या वर्षी काय केलंत?”

“वेल्डिंग शिकलो. त्याचा पुढे उपयोग झाला.” ते डबा बंद करत म्हणाले, “माझे वडील त्या शाळेत गेले होते. ते तिथे बसले होते. पण तसं कुठेच नव्हतं.”

मी ऐकलं, वाईटही वाटलं, आणि विसरले. आमच्या घरात आजोबांच्या मॅट्रिकच्या सर्टिफिकेटपासून सगळे कागद एका ट्रंकेत होते. आजोबा कारकून, वडील कारकून. कोणी दाखला मागितला की वडील ट्रंक उघडायचे आणि कागद निघायचाच. कागद नसला तर काय होतं हे मला कधी कळायची वेळच आली नव्हती.

वर्षं गेली. मी टायपिस्टची कॉम्प्युटर ऑपरेटर झाले, मग ‘सिस्टीम्स’ बघणारी झाले. मालकांचा मुलगा परदेशातून शिकून आला आणि कामात पडला. माणूस चांगला, मनमोकळा, घाईत असलेला. आमच्या सगळ्या फायली क्लाउडवर न्यायच्या असं त्यानं ठरवलं. म्हणजे ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर न ठेवता एका मोठ्या कंपनीच्या दूरच्या मशीनवर. तिथे सगळ्यांनी एकाच ड्रॉइंगवर एका वेळी काम करायचं, कारखान्यावर बसलेल्या माणसालाही तेच दिसायचं. त्याचं मला प्रशिक्षण दिलं. मला ‘ॲडमिन’ केलं. कोणाचं अकाउंट उघडायचं, कोणाचं बंद करायचं, कोणी काय बघायचं हे माझ्या हातात. ते प्लॅस्टिकचं कव्हर काढायला मिळालं होतं तेव्हा वाटलं होतं तसंच परत वाटलं.

पहिल्या शुक्रवारी चार वाजता सर हार्ड डिस्क घेऊन माझ्यासमोर उभे राहिले.

“सर, आता हे लागणार नाही,” मी म्हणाले. “सगळं वर आहे. ती कंपनी सांभाळते. त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीच्या कितीतरी प्रती असतात.”

“कंपनी म्हणजे कोण?”

“म्हणजे… कंपनी.”

“माणसाचं नाव सांगा. फोन करून विचारतो.”

मी हसले. मालकांचा मुलगा पण तिथे होता, तोही हसला. “सर, त्यांचं मशीन जळालं तरी आपलं काही जाणार नाही.”

“मशीन जळालं तर नाही जाणार, हे समजलं,” सर म्हणाले. “आपल्यापैकीच कोणी चुकून पुसलं तर?”

त्याचं उत्तर मला माहीत होतं. प्रशिक्षणात सांगितलेलं होतं की पुसलेलं काही दिवस परत आणता येतं, त्यानंतर नाही. आपल्या फायलींची आपली वेगळी प्रत आपणच ठेवावी. ते मी वहीत लिहूनही घेतलं होतं. पण त्या वेळी मला सगळ्यांसमोर बरोबर ठरायचं होतं. “परत आणता येतं, सर,” एवढंच मी सांगितलं. सरांनी डिस्क माझ्या टेबलावर ठेवली. त्या दिवशी शुक्रवारचं काम बंद झालं. मीच बंद केलं.

त्यानंतर ऑफिस खराडीला हलवायचं ठरलं. काचेची इमारत, सहावा मजला, आणि कपाटं नकोत असा मुलाचा आग्रह. सरांच्या वह्यांचं काय करायचं हा प्रश्न निघाला. एकसष्ट वह्या होत्या. मी म्हटलं, स्कॅन करू. सात-आठ महिने रोज दुपारी तास-दीड तास मी आणि सर बसायचो. मी पान काचेवर ठेवायचे, ते पुढचं पान उघडून धरायचे. मधेच थांबून सांगायचे, “हा शाफ्ट बघा, ह्याला तिथल्या फिटरनं काय सुंदर घासून दिलं होतं.” माझ्या नोकरीतले ते सगळ्यांत चांगले महिने होते. प्रत्येक वहीची सूची सरांनी दोन बोटांनी स्वतः टाइप केली.

ते सगळं सरांच्या अकाउंटमध्ये जात होतं, कारण सुरुवात त्यांच्या लॉगिननं झाली होती. सरांनी एकदा विचारलं, “हे माझ्या कपाटात चाललंय की सगळ्यांच्या?”

“तुमच्या. पण पूर्ण झालं की मी सगळ्यांच्या फोल्डरमध्ये हलवते.”

“लक्षात ठेवा.”

“हो सर.”

वह्या घरी नेऊ का, असं ते एकदा चाचरत म्हणाले होते. त्यांचं घर दोन खोल्यांचं, मुलगी, जावई आणि नात तेव्हा तिथेच राहत होते. मी म्हटलं, “कशाला सर, घरात धूळ? सगळं आलंय की.” त्यांनी आठवडाभर उत्तर दिलं नाही. मग एका सोमवारी म्हणाले, “ठीक आहे.” रद्दीचा टेम्पो आला तेव्हा ते खाली आले नाहीत. मी खाली उभी राहून पोती मोजून दिली.

खराडीला गेल्यावर सर वर्षभर काम करत होते. साठी कधीच उलटली होती, सल्लागार म्हणून यायचे. विश्रांतवाडीहून खराडी तशी जवळ, पण त्या ऑफिसात ते नीट बसलेच नाहीत. कोणाची जागा ठरलेली नसायची, रोज नवी खुर्ची. मार्चअखेरीला त्यांनी थांबायचं ठरवलं. केक कापला, फोटो काढले. जाताना त्यांनी मला स्वतःच्या हातानं लिहिलेला एक कागद दिला. चालू कामांची यादी होती आणि शेवटची ओळ होती: ‘वह्या सगळ्यांच्या फोल्डरमध्ये हलवायच्या आहेत. तुम्हाला माहीत आहेच.’ मी तो कागद पिशवीत ठेवला. पुढचा आठवडा नव्या मुलांच्या अकाउंटमध्ये गेला, त्याच्या पुढचा ऑडिटमध्ये.

मे महिन्यात ऑफिस सोडून गेलेल्यांची यादी माझ्याकडे आली. सुरक्षेसाठी अशी अकाउंट बंद करायची असतात. यादीत बरेच जण होते, बहुतेक चार-सहा महिन्यांसाठी आलेली शिकाऊ मुलं, आणि मधे कुठेतरी सर. मी एकामागून एक डिलीट करत गेले. प्रत्येक वेळी स्क्रीनवर प्रश्न यायचा: ह्यांच्या फायली दुसऱ्या कोणाला द्यायच्या का? शिकाऊ मुलांच्या फायलीत काय असणार. नको, नको, नको. सरांच्या नावाशीही मी ‘नको’ केलं. मला आठवतं, शेजारची मुलगी मला तेव्हा तिच्या लग्नाच्या साड्यांचे फोटो दाखवत होती. मी मान वळवून बघत होते आणि बोट चालत होतं.

ऑगस्टमध्ये सोलापूरकडच्या एका कारखान्याच्या चीफ इंजिनिअरचा फोन आला. त्यांच्या एका मिलच्या वरच्या रोलरच्या शाफ्टला पूर्वी कधीतरी बारीक तडा होता. सरांनी तो घासून काढून घेतला होता, आणि दर वर्षी तीच जागा मशीन लावून तपासायची असं सांगितलं होतं. जुने चीफ इंजिनिअर निवृत्त झाले, त्यांचं रजिस्टर सापडत नव्हतं. कुठल्या मिलचा शाफ्ट, एवढं हवं होतं.

मी सरांचं फोल्डर शोधलं. नव्हतं. सरांचं नाव शोधलं. नव्हतं. मग तो मे महिना, ती यादी, त्या साड्या, सगळं एका झटक्यात आठवलं.

मदतकेंद्राला फोन केला. पलीकडची मुलगी फार सभ्य होती. तिनं बघून सांगितलं, “मॅडम, हे तुमच्याच ॲडमिन अकाउंटवरून डिलीट झालं आहे. परत आणायची मुदत संपली आहे. तुम्ही बाहेर वेगळा बॅकअप ठेवला असेल तर त्यातून घेता येईल.” मी तिला तीनदा वेगवेगळ्या शब्दांत तेच विचारलं. तिनं तीनदा तेच सांगितलं. जुन्या हार्ड डिस्क आणल्या. त्यात जुनी ड्रॉइंग्ज होती, वह्या नव्हत्या. शुक्रवारचं काम बंद झाल्यावर वह्या स्कॅन झाल्या होत्या.

मालकांच्या मुलाला मी सांगितलं की काही जुनी स्कॅन्स सापडत नाहीत. तो म्हणाला, “कुठली? सरांच्या वह्या? आता कोण बघतंय ते. नवीन तपासणी करून घ्या म्हणावं.” मला हायसं वाटलं. ते हायसं वाटणं मला आज सगळ्यांत जास्त टोचतं.

कारखान्याला मी कळवलं, शोधतो आहोत. दोन दिवसांनी सरांचा मला फोन आला. चीफ इंजिनिअरनं थेट त्यांनाच गाठलं होतं.

“मी चौथी मिल सांगितलंय,” सर म्हणाले. “पण तिसरी की चौथी, जरा शंका आहे. चौतिसाव्या वहीत असेल. तेवढं बघा. हंगामाआधी एकच शाफ्ट उतरवून तपासायला त्यांना वेळ आहे.”

तेव्हा सांगता आलं असतं. सर, वह्या गेल्या. एवढं एक वाक्य. सर म्हणाले असते, मग दोन्ही तपासा, काहीही करून तपासा.

“बघते, सर,” मी म्हणाले.

“वेगळं काही निघालं तर फोन करा. नाहीतर मी समजतो बरोबर आहे.”

“हो सर.”

मी फोन केला नाही. करायला काही नव्हतंच. मी स्वतःला समजावलं की सरांना सगळं आठवतं, त्यांची कधी चूक होत नाही. आठवड्यात एखाद-दोनदा आठवण यायची आणि मी दुसऱ्या कामाला लागायचे. दिवाळी झाली, हंगाम सुरू झाला.

जानेवारीत तिसऱ्या मिलचा शाफ्ट तुटला. कोणाला इजा झाली नाही, हे नशीब. पण कारखाना अकरा दिवस बंद राहिला. तोडलेला ऊस यार्डात वाळत पडला, गाडीवाले गाड्यांखाली झोपून राहिले, टोळ्यांना पुढची तोड मिळेना. आमच्या ऑफिसातले दोघे तिकडे गेले, त्यांनी परत आल्यावर हे सांगितलं. मी ऐकत होते आणि चहाचा कप हातात तसाच होता.

मला वाटलं आज सरांचा फोन येईल. आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तो येत नाही हेच असह्य झालं, तेव्हा तिसऱ्या आठवड्यात एका रविवारी सकाळी मी गाडी काढली आणि विश्रांतवाडीला गेले.

त्यांच्या घरी मी पूर्वी दोनदाच गेले होते. बाहेरच्या खोलीत बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, खाली पुस्तकांची मांडणी. मुलीची बदली नागपूरला झाली होती, त्यामुळे आता ते आणि बाई, म्हणजे त्यांची पत्नी, दोघेच. बाईंनी पाणी आणलं, माझ्या मुलांची चौकशी केली आणि आत गेल्या. सर थकलेले दिसले. मी काही बोलायच्या आधी तेच म्हणाले, “माझ्याकडून चूक झाली. चौथी म्हणालो मी. तुमच्या लक्षात आलं नाही का वहीत?”

त्यांनी मला दोष दिला नव्हता. खरोखर विचारत होते.

मी म्हणाले, “सर, वह्या नाहीत. सिस्टीममधून डिलीट झाल्या.”

ते म्हणाले, “डिलीट झाल्या. ह्या वाक्यात कर्ता कोण?”

“सिस्टीमनं सर, म्हणजे अकाउंट बंद केलं की…”

“अकाउंट कोणी बंद केलं?”

“मी,” मी म्हणाले. “मी डिलीट केल्या. हलवायच्या राहिल्या होत्या. मेमध्ये.”

“म्हणजे ऑगस्टमध्ये मी फोन केला तेव्हा तुम्हाला माहीत होतं.”

“हो.”

ते उठून खिडकीशी गेले. बाहेर कोणीतरी गाडी धूत होतं. त्यांचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर मला सोपं गेलं असतं. “एकसष्ट वह्या गेल्या, ते समजू शकतो,” ते म्हणाले. “माणसाच्या हातून जातं. पण तुम्ही ‘बघते’ म्हणालात म्हणून मी निर्धास्त झालो. वेगळं असतं तर तुम्ही फोन केला असता, असं मी धरून चाललो.”

मी रडायला लागले. त्यांनी रडू दिलं.

मग ते म्हणाले, “हे त्या कारखान्याला सांगितलंत?”

“नाही.”

“मग आधी तिकडे सांगा. लिहून सांगा. मग इकडे या.”

दुसऱ्या दिवशी मी चीफ इंजिनिअरना फोन केला. लिहिलं नाही. लिहायला बसले तर शब्द सुचेनात, आणि ऑफिसच्या कागदावर लिहायचं म्हणजे मालकांना सांगावं लागलं असतं. फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“आता काय हाय त्यात, मॅडम. शाफ्ट गेला, नवा बसला,” ते म्हणाले. “पण सरांनी आम्हाला पत्र पाठवलं हो. चूक माझी आहे, मी माफी मागतो म्हणून. एवढा मोठा माणूस. आम्हाला लई वाईट वाटलं ते वाचून.”

मी म्हटलं, “त्यांची चूक नव्हती, एवढं तुमच्या फायलीत येईल का?”

“सांगतो मी सगळ्यांना,” ते म्हणाले.

त्यानंतर मी रविवारी सरांकडे जायला लागले. मीच विचारलं होतं, आठवेल तेवढं परत लिहून काढू का? ते म्हणाले, या. मी कोरी वही नेली. ते सांगायचे, मी लिहायचे. पहिले दोन रविवार भराभर गेले. एखादा कारखाना, त्याचा बॉयलर, तिथला एखादा तोतरा फोरमन, सगळं जसंच्या तसं यायचं. मग ते अडकायला लागले. साल आठवे, पण मिल नाही. मिल आठवे, पण माप नाही.

“अंदाजे लिहू का, सर?”

“नाही. कोरं सोडा.”

असं वहीत कोरं वाढत गेलं. काही पानांवर नुसतं कारखान्याचं नाव आणि खाली मोकळी जागा. सहा-सात रविवार झाले असतील. एक दिवस त्यांनी मागची सगळी पानं उलटून पाहिली, वही मिटून माझ्याकडे दिली आणि म्हणाले, “आता पुरे. ह्यातलं खरं किती आणि मला वाटतंय म्हणून किती, हे मलाच सांगता येत नाही. असली नोंद कोणाच्या हातात पडली तर घातच.”

“सर, मला माफ केलंत का?” मी विचारलं. विचारायला नको होतं.

“चहा घेऊन जा,” ते म्हणाले.

ऑफिसात मी त्याच उन्हाळ्यात वेगळा बॅकअप सुरू करून घेतला. क्लाउडवरचं सगळं रोज दुसऱ्या एका ठिकाणी उतरतं, शिवाय एक डिस्क महिन्याला ऑफिसबाहेर जाते, आणि कोणाचंही अकाउंट दोघांच्या सहीशिवाय पुसता येत नाही. मालकांच्या मुलाला मी तेव्हा खरं सांगितलं. तो म्हणाला, “मला वाटलं होतं दोन-चार फायली असतील.” मग त्यानं हवं ते सगळं दिलं. पहिल्या दिवशी तो बॅकअप पूर्ण व्हायला संध्याकाळ झाली. हजारो फायली सुखरूप उतरल्या. त्यात शिकाऊ मुलांनी सगळ्यांच्या फोल्डरमध्ये टाकलेले सहलीचे फोटोसुद्धा होते.

पुढे सर आणि बाई नागपूरला मुलीकडे राहायला गेले. चौदा एप्रिलला आणि बुद्धपौर्णिमेला मी फोन करायचे. ते माझ्या कामाची चौकशी करायचे, जुनी प्रत उघडून बघता का, असं विचारायचे. मी हो म्हणायचे आणि ते आता खरं असायचं. वह्यांचा विषय त्यांनी कधी काढला नाही. मी काढला नाही. तीनेक वर्षांनी एका बुद्धपौर्णिमेला फोन लागला नाही. दोन महिन्यांनी कळलं की ते गेले. कळलं तेही त्या कारखान्याच्या चीफ इंजिनिअरकडून. सरांच्या घरच्यांकडे माझा नंबर नव्हता आणि त्यांनी मला कळवावं असं काही कारणही नव्हतं.

त्या आठवड्यात मी ते पत्र लिहिलं. सरांनी सांगितल्याला चार वर्षं होऊन गेली होती. एक पानाचं पत्र. अमुक हंगामातल्या शाफ्टच्या बाबतीत आपल्या दप्तरी सरांचं माफीचं पत्र आहे. ती चूक त्यांची नव्हती. नोंदी माझ्या हातून नष्ट झाल्या होत्या आणि ते मी त्यांच्यापासून लपवलं होतं. कृपया हे पत्र त्यांच्या पत्राला जोडून ठेवावं. मालकांच्या मुलाला दाखवलं. त्यानं वाचून परत दिलं. मी स्वतःच्या नावानं, रजिस्टर पोस्टानं पाठवलं.

पोच आली, तिच्यावर आवक क्रमांकाचा शिक्का होता. महिन्याभरानं मी फोन केला. ते चीफ इंजिनिअर तोवर निवृत्त झाले होते. नव्यांना प्रकरण माहीत नव्हतं. पत्र आलंय, ते म्हणाले, पण कुठल्या फायलीला लावायचं ते कळेना. जुन्या फायली गोडाऊनला आहेत, कोणी गेलं की बघायला सांगतो.

मी त्यांना सरांच्या पत्राचं अंदाजे साल सांगितलं. नक्की तारीख मला सांगता आली नाही.